उस्ताद अमरुल्लाचं मन

उस्ताद अमरुल्ला विहिरीत उतरण्याआधी जे ओरडायचा, तेच आमच्या बागनौ गावची पोरं टेकाडावरून उडी मारताना ओरडायची. बायका तापल्या तंदूरमध्ये हात घालताना ओरडायच्या. नवरदेव निकाहला निघाला की त्याचे मित्र त्याच्या कानाशी ओरडायचे, “आहे! सगळ्यांचं आहे!”

काय आहे? तर मन. ही सगळी मनाचीच गोष्ट आहे.

आमचं पाणी शीरकूह डोंगरातून येतं, जमिनीखालून. वर माळावर दिसते ती फक्त विहिरींची रांग, एकेकीच्या तोंडाभोवती मातीचं कडं. खाली त्या विहिरींना जोडत गावापर्यंत आलेलं भुयार, तीच आमची कारीज. त्या भुयारात ओणवं होऊन गाळ उपसणारा, पडझड सावरणारा, पाणी वाहतं ठेवणारा तो मुकन्नी. मुकन्नी पांढरे कपडे घालतो. अंधारात दिसावा म्हणून, असं पुरुष सांगतात. कफन अंगावर तयार असावं म्हणून, असं बायका सांगतात. दोघंही खोटं बोलत नाहीत.

आणि मुकन्नींची एक जुनी रीत आहे. उतरायच्या आधी वर रहाट ओढणारा, टोळीतला सगळ्यात वडीलधारा, एकेकाचं नाव घेऊन विचारतो, “मन आहे का?” आहे म्हटलं तर कमरेला दोर. नाही म्हटलं तर त्या दिवशी कुणीच उतरायचं नाही. का नाही, हे विचारायचं नाही. हसायचं नाही, घरी जाऊन बायकोला सांगायचं नाही. एकाचं मन नसलं की सगळ्यांचा दिवस मोडतो, आणि तरी त्या दिवशीचा नान सगळ्यांना सारखा मिळतो. बापजाद्यांनी ही रीत काही सुखासुखी घातली नसणार.

अमरुल्ला म्हणजे काटक, बुटका, सुपारीसारखा टणक माणूस. बाप मुकन्नी, आजा मुकन्नी. मिसरूड फुटलं तेव्हाच भुयारात शिरला. एकदा डोंगराजवळच्या विहिरीत झरा अचानक फुटला, तर हा पठ्ठ्या त्या लोंढ्यासोबत वाहत जाऊन पुढच्या विहिरीखाली निघाला. वर आला तो एका पायात जोडा नाही आणि तोंडभर हसू. लोकांनी विचारलं, काय झालं? म्हणाला, “पाणी मला न्यायला आलं होतं, मीच त्याला घेऊन आलो.” अशा माणसाला गाव डोक्यावर घेणार नाही तर काय करणार? दूरदूरच्या गावांहून त्याला बोलावणी यायची. आमच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा मीराब झैनल तर म्हणायचा, कारीज ढासळली तरी माझी झोप ढासळत नाही, अमरुल्ला आहे.

बापामागे टोळी त्याच्या हाती आली. पहिल्याच सकाळी रहाटावरच्या नादअलीने रीतीप्रमाणे विचारलं, “मन आहे का, अमरुल्ला?”

“माझं आहे, ह्याचं आहे, त्याचं आहे, सगळ्यांचं आहे! दोर सोड म्हाताऱ्या, ऊन चढतंय!”

सगळे खो खो हसले. नादअलीने तरीही पुढच्याला विचारलं. पुढच्याने हसतच मान हलवली. असं काही दिवस चाललं, मग नादअलीने पुढच्यांना विचारणं सोडून दिलं. उत्तर आधीच मिळालेलं असायचं. कुणी जरा घुटमळलं तर अमरुल्ला पाठीवर थाप मारायचा, “मन घरी बायकोपाशी ठेवून यायचं रे, इथे कुदळ लागते.” हे वाक्यही गावात म्हणीसारखं झालं.

खरं सांगायचं तर आम्हालाही ते आवडायचं. आपल्या गावचा माणूस वाघ असला की आपल्यालाही उगाच दोन मिशा जास्त फुटतात.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी वसंतात डोंगरावर गारा पडल्या आणि लोंढा माळावर उतरला. एका विहिरीचं मातीचं कडं फोडून तो आत घुसला. दोन विहिरींच्या मधलं भुयाराचं छत बसलं, पाणी अडलं. गावाच्या तोंडाशी मांडीएवढा येणारा प्रवाह करंगळीएवढा झाला. आणि नेमकी डाळिंबं फुलावर आलेली. त्या दिवसांत डाळिंबाला पाणी चुकलं की फूल गळतं, आणि फूल गळलं की आमच्या गावाचा हिवाळा गळतो.

अमरुल्ला एकटाच दिवा घेऊन पाहणीला उतरला. एकट्याने पाहणी करता येते, काम करता येत नाही. पुढचा उकरतो, मागचा ती माती ओढून विहिरीच्या तळाशी आणतो, डोल भरतो, वरून रहाट ओढतात. अमरुल्लाच्या मागचा माणूस म्हणजे शाबान. शाबान त्याचा जावई, धाकट्या मुलीचा, इस्मतचा नवरा. शांत मुलगा. हाताचा चांगला, तोंडाचा कमी.

वर आल्यावर अमरुल्लाने मीराब झैनलला सांगितलं, “छत लोंबतंय. पाण्यात भिजलेल्या नानसारखं झालंय.”

“मग?” झैनलने विचारलं.

“मग काय? उद्या उतरतो.”

झैनल निर्धास्त होऊन घरी गेला. शाबान तिथेच उभा होता. त्याने ‘भिजलेल्या नानसारखं’ हे ऐकलं, दोर गुंडाळला आणि तोही घरी गेला.

संध्याकाळी अमरुल्ला अंगणात पाय सोडून बसला होता. त्याची बायको तूबा दोरीवरून पांढरे कपडे काढत होती. तेवढ्यात दारात कुबडी वाजली. शाबानचा थोरला भाऊ रजब आला होता.

रजबही एके काळी अमरुल्लाच्याच टोळीत होता. चार वर्षांमागे छत पडलं आणि तो खाली सापडला. अमरुल्लाने हातांनी माती उकरून, नखं फुटेपर्यंत उकरून त्याला बाहेर काढलं होतं. पाय मात्र गेला. तेव्हापासून रजब कुंभाराच्या भट्टीवर काम करी, भुयाराच्या मऊ जागी बसवायची भाजक्या मातीची मोठाली कडी थापून देई. अमरुल्लाने त्याला काढल्याची हकिकत गावाने इतक्यांदा सांगितली होती की ऐकणाऱ्याला वाटावं, पाय गेला ही त्यातली किरकोळ बाब.

“ये रजब, बैस. चहा घे,” अमरुल्ला म्हणाला. “कडी तयार आहेत ना?”

“आहेत. उस्ताद, मी कड्यांचं बोलायला आलो नाही.” रजब बसला नाही. “शाबानचं मन नाही.”

“काय?”

“उद्यासाठी. त्याचं मन नाही. जेवला नाही, पोराला मांडीवर घेऊन नुसता बसलाय. इस्मत रडतेय.”

अमरुल्ला हसला. “मग येऊन सांगायचं मला! जिभेला काय झालंय त्याच्या? रीत आहे आपली.”

“कुठे आहे?” रजब म्हणाला. “शेवटचं कुणी म्हटलं होतं ‘नाही’, सांगा बरं.”

अमरुल्ला आठवू लागला. त्याला त्याच्या बापाच्या वेळचं आठवलं. गुलझार नावाचा एक आडदांड मुकन्नी दर महिन्याला एकदा तरी नाही म्हणायचा आणि मग दिवसभर सगळे टेकाडावर सोंगट्या खेळायचे. पण आपल्या टोळीतलं एकही ‘नाही’ त्याला आठवेना.

“माझी माणसं घाबरत नाहीत,” तो म्हणाला, पण जरा हळू.

“घाबरतात की. छतापेक्षा तुम्हाला जास्त घाबरतात.” रजबने कुबडी काखेत घट्ट केली. “उस्ताद, तुम्ही मला काढलंत. माझ्या पोरांना बाप उरला तो तुमच्यामुळे. मेल्यावरही हे ऋण फिटायचं नाही. पण आज सांगतोच. त्या सकाळी माझं मन नव्हतं. दोर बांधताना हात गार पडले होते. म्हणणारच होतो. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, सगळ्यांचं आहे. सगळे हसले. मीही हसलो. हसत हसत उतरलो.”

तूबाच्या हातातले कपडे हातातच राहिले.

अमरुल्लाच्या कानशिलाला आग लागली. पहिल्यांदा राग आला, तोही रजबचाच. चार वर्षं गप्प बसला आणि आज, कामाच्या आदल्या संध्याकाळी, हे काढतोय! मग त्याने त्या कुबडीकडे पाहिलं आणि राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

“ठीक आहे,” तो उठला. “शाबानला घरी बसव. मी एकटा उतरतो. उकरीन मीच, ओढीन मीच. चार दिवसांचं काम आठ दिवसांत होईल. माझा जीव, माझी मर्जी.”

तेव्हा तूबा बोलली. तिने कपडे त्याच्या पुढ्यात चटईवर टाकले. “वा उस्ताद! तुमचा जीव! आणि छत बसलं तर तुम्हाला काढायला कोण उतरेल? मीराब उतरेल का, त्याचं ते पोट घेऊन? शाबानच उतरेल. मन नसताना, दोर नसताना. तुम्ही खाली एकटे कधी होतात का, जन्मात?”

अमरुल्लाने चहाचा पेला उचलला, गार झाला होता, तसाच पिऊन टाकला.

“मग उद्या मी त्याला सांगतो, तू नाही म्हण. मी काही बोलणार नाही,” तो शेवटी म्हणाला.

“तुम्ही परवानगी दिल्यावर ते त्याचं ‘नाही’ राहील का?” रजब म्हणाला. “सगळ्या गावासमोर, झैनलसमोर, ‘वाघाचा जावई शेळी’ ऐकत? तो मरेल पण म्हणणार नाही. मी तरी कुठे म्हणालो होतो?”

रजब गेला. तूबाने निजताना एवढंच विचारलं, “काय करणार?” अमरुल्ला म्हणाला, “झोप.” स्वतः मात्र कूस बदलत राहिला.

सकाळी विहिरीवर जत्रा भरली होती. मोठं काम असलं की गाव असंच जमतं. कुणी नान आणले होते, कुणी दही, मीराब झैनलने चहाचा समोवर मांडला होता. झाडावरच्या फुलांची काळजी सगळ्यांच्या तोंडावर दिसत होती, पण अमरुल्ला पांढऱ्या कपड्यांत येताना दिसला तशी ती उतरली. पोरांनी तर आधीच ओरडायला सुरुवात केली. शाबान रहाटापाशी उभा होता. चेहरा कपड्यांइतकाच पांढरा.

नमाज झाली. नादअली आता इतका म्हातारा होता की रहाट ओढायला त्याच्यासोबत दोन गडी लागत, पण विचारायचा मान त्याचाच. त्याने दोर उचलला आणि सवयीने, उत्तराची वाटही न पाहता विचारलं, “मन आहे का, अमरुल्ला?”

सगळे थांबले. पोरांनी ओरडायला तोंडं उघडी ठेवली होती.

अमरुल्लाने रात्रीच ठरवून ठेवलं होतं काय म्हणायचं. दोन अक्षरं तर होती. पण समोर सगळं गाव, आणि तीस वर्षांचं नाव त्या दोन अक्षरांच्या पलीकडे उभं. वाटलं, एवढा एक दिवस जाऊ दे, पुढच्या वेळी म्हणू. मग त्याला शाबानचे हात दिसले. दोर चाचपत होते, उगीचच, पुन्हा पुन्हा.

“नाही,” तो म्हणाला.

नादअलीला ऐकू आलं नाही. “आं?”

“नाही, नादअली. माझं मन नाही आज.”

एकदम कलकल उठली. मीराब झैनल समोवर टाकून पुढे आला. “उस्ताद, थट्टा करता का? पाणी बंद आहे! का नाही मन? झालं काय तुम्हाला?”

“विचारायचं नसतं झैनल!” नादअली असा गरजला की झैनल दोन पावलं मागे सरला. म्हाताऱ्याच्या अंगात तो आवाज अजून शिल्लक असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. “तुझ्या बापाने विचारलं नव्हतं, माझ्या बापाने विचारलं नव्हतं. दोर गुंडाळा! नान वाटा!”

नान वाटले. घास कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता तो भाग वेगळा. गर्दीतून एका बाईचा आवाज आला, “म्हातारा झाला वाघ.” कोणी तरी हसलं. अमरुल्ला त्या हसण्यामधून घरी चालत गेला. आयुष्यात तो लोंढ्यातून वाहत गेला होता, पण ती गल्ली त्याला त्याहून लांब वाटली. लाज वाटत होती, सरळ सांगायचं तर भयंकर लाज वाटत होती, आणि कोपऱ्यावर पोरं भेटली ती गप्पच होती, त्यांना काय ओरडावं ते कळत नव्हतं.

त्या दिवशी छत पडलं का? नाही. माती जिथे होती तिथेच लोंबत राहिली. दुपारी दोघेतिघे विहिरीत डोकावून आले आणि गावभर सांगत सुटले, “काही झालं नाही हो, सगळं जागेवर आहे. उगीच दिवस फुकट घालवला.” पडलं असतं तर अमरुल्ला औलिया ठरला असता. पडलं नाही, म्हणून भित्रा ठरला. लोकांचा हिशोब असा असतो.

अमरुल्ला मात्र दुपारी भट्टीवर जाऊन बसला. रजबसोबत एकेक कडं वाजवून पाहिलं, बोदा आवाज देणारी बाजूला काढली. रजबने आपल्या डब्यातलं अर्धं जेवण अमरुल्लाच्या पुढ्यात सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विहीर, पुन्हा गाव. आज जत्रा नव्हती, पंचायत होती. लोक हाताची घडी घालून उभे होते. बऱ्याच झाडांखाली लाल फुलांचा सडा पडू लागला होता.

अमरुल्ला नादअलीजवळ गेला. “आज एकेकाला विचार, नाव घेऊन. माझं उत्तर माझ्यापुरतं.”

नादअलीने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. “अमरुल्ला, मन आहे का?”

“आहे.”

लोकांनी सुस्कारा टाकला. झैनलने आकाशाकडे हात केले.

“शाबान, मन आहे का?”

शाबानने सासऱ्याकडे पाहिलं. अमरुल्ला मुद्दाम दुसरीकडे, डोंगराकडे पाहत उभा राहिला, म्हणजे आपल्या डोळ्यांत पोराला ना हो दिसावं ना नको.

“नाही,” शाबान म्हणाला.

आवाज लहान होता, पण त्याचा स्वतःचा होता.

मग जे व्हायचं ते झालं. झैनलची पगडी सुटली, तो हातात पगडी घेऊनच ओरडू लागला. “अरे, हे काय चाललंय? सासरा झाला, आता जावई! उद्या रहाटाचं मन नसेल! दोन माणसांच्या मनापायी शेकडो झाडं वाळवायची का? गावाने खायचं काय? उस्ताद, अहो, गावाची काही जबाबदारी आहे की नाही तुमच्यावर?”

हा प्रश्न रास्त होता आणि अमरुल्लाला तो लागला. तो पुढे गेला, झैनलच्या अगदी समोर.

“आहे. म्हणूनच सांगतो. डाळिंब वाळलं तर बुडातून पुन्हा फुटतं, झैनल. माणूस फुटत नाही. रजबचा पाय फुटला का?” तो वळला, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “मी वाघ होतो तेव्हा तुम्हाला पाणी रोज मिळालं. त्याची किंमत मी दिली नाही, ती ह्याने दिली.” त्याने कुबडीवर उभ्या रजबकडे बोट केलं. “माझ्या झाडांची पाण्याची पाळी कारीज मोकळी होईपर्यंत धरू नका. जे थेंब येताहेत ते कोवळ्या झाडांना द्या. दोर गुंडाळ, नादअली. नान वाट.”

झैनल पगडी बांधत राहिला. बराच वेळ बांधत राहिला. मग पुटपुटला, “माझीही पाळी सोडा कोवळ्या झाडांना.” तो माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरलेला होता, आणि त्याला ते म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या सकाळी टेकाडावर बऱ्याच वर्षांनी सोंगट्या निघाल्या. अमरुल्ला हरला आणि पट उधळला, म्हणजे स्वभाव काही एका दिवसात गेला नव्हता.

पुढच्या सकाळी नादअलीने विचारलं. अमरुल्ला म्हणाला, आहे. शाबान म्हणाला, “आहे.” आणि रहाटावरचे गडी, ज्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं, त्यांनाही नादअलीने विचारलं. त्यातला एक लाजून चूर झाला, म्हणाला, “माझंही विचारता? आहे की!”

दोघं उतरले. अमरुल्ला पुढे, पोटावर, कुदळ आखूड धरून. शाबान मागे. हातभर उकरायचं, कडं बसवायचं, मग पुढचा हात. एरवी अमरुल्ला आधी उकरून मोकळा व्हायचा आणि कडी मागाहून यायची. आता शाबान मागून सांगायचा, “थांबा, कडं नीट बसलं नाही,” आणि अमरुल्ला शिव्या देत का होईना, थांबायचा. एकदा छतातून रेती झिरपू लागली. शाबान म्हणाला, “उस्ताद, मागे या.”

“काही नाही रे, रेती आहे.”

“मागे या म्हणतो ना!”

अमरुल्ला उलटा सरपटत मागे आला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून. दोघं विहिरीच्या तळाशी अंग चोरून बसले. रेती झिरपून झिरपून थांबली. काही पडलं नाही.

शाबान ओशाळला. “उगीच काढलं तुम्हाला.”

“उगीच निघालं हे बरं झालं. मी पुढेच थांबलो असतो आणि खरं निघालं असतं, तर तुझी कोण तारीफ करत बसलं असतं? मी तर नसतो.”

काम ठरल्यापेक्षा लांबलं. मधे एका सकाळी रहाटावरच्या त्या लाजऱ्या गड्याने ‘नाही’ म्हटलं, आणि झैनलने कपाळावर हात मारून घेतला पण तोंड उघडलं नाही. अखेर एका दुपारी कुदळीखाली माती ओली, मग चिखल, मग एकदम मोकळी झाली, आणि अडलेलं पाणी दोघांच्या अंगावरून फेसाळत गावाकडे निघालं. वरच्यांना खालून आवाज आला. ‘पाणी!’ अशी एकच आरोळी उठली आणि सगळं गाव, झैनल, बायका, पोरं, रहाटावरचे गडी, आणि कुबडी टेकत रजबसुद्धा, कारीजच्या तोंडाकडे पळत सुटलं.

म्हणजे वर रहाट ओढणारं कोणीच उरलं नाही. नादअलीला पळता येत नव्हतं, म्हणून तो एकटा होता. “थांबा रे,” त्याचा बारीक आवाज वरून आला, “मला एकट्याला रहाट ओढवत नाही! माणसं येऊ देत!”

“येऊ देत,” अमरुल्ला खालून ओरडला. “आम्ही इथेच आहोत, कुठे जातो!”

विहिरीच्या तळाशी गुडघाभर गार पाण्यात दोघं उभे राहिले. वर आभाळाचा बशीएवढा तुकडा. दिवा पाण्यात गेला होता. शाबान हसत होता, थंडीने दात वाजत होते तरी हसत होता. “गावासाठी जीव दिला, गाव आपल्याला विसरून गेलं.”

“जीव कुठे दिला? दिला असता तर आले असते सगळे, रडत.”

दोघंही बराच वेळ हसले. मग शाबानने तोंडावरचं पाणी पुसलं.

“उस्ताद, एक विचारू? विचारायचं नसतं, ठाऊक आहे. पण विचारतो.”

“विचार. वर एक नादअली, त्याला कुठे ऐकू जातंय.”

“पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी नाही म्हणालात. रजबने मला नंतर सांगितलं. मला लाज वाटते. माझ्यापायी तुमचं नाव गेलं. तुमचं मन तर होतंच ना?”

अंधारात शाबानला अमरुल्लाचा चेहरा दिसत नव्हता आणि ते बरंच होतं.

“तुझ्यासाठीच म्हणायला गेलो होतो,” तो म्हणाला. “पण तोंडातून निघालं तेव्हा कळलं, खरंच नाहीये मन.”

“तुमचं?”

“आणि त्याच दिवशी नव्हतं असं समजू नकोस. रजब सापडला त्या सकाळीही नव्हतं. त्या लोंढ्यात वाहत गेलो त्या दिवशीही नव्हतं. म्हणून तर एवढ्या जोरात ओरडायचो.”